अवघड इंग्रजीतलं पत्र

३ जानेवारी
कॉन्व्हेंटच्या बाकावर इंग्रजी शोकांतिकेचं पुस्तक आम्हा दोघी मैत्रिणींत एकच होतं. पान उलटण्याआधी ती माझ्याकडे बघायची. मी मान हलवायचे. माझं अर्धं पान वाचायचं राहिलेलं असायचं. तिला कधी कळलं नाही.
आज तिचं पत्र आलं, इंग्रजीत. भाचीच्या लग्नाला इकडे येतेय, 'वेळ मिळाला तर' डोकावेन म्हणते. तीस वर्षांनी नुसतं डोकावणार? असं इंग्रजी पत्र धाडते की यावंच लागेल. तेच नाटक काढलं. रोज वीस शब्द पाठ करायचे.

४ जानेवारी
सहा शब्द. पण पक्के. सगळे मरणाचे निघाले, त्याला इलाज नाही.

६ जानेवारी
शब्द वापरल्याशिवाय मुरत नाहीत. ह्यांना चहा देताना 'फेअरवेल' म्हणाले. हे म्हणाले, कुठे निघालीस, येताना ब्लेड आण.

९ जानेवारी
दोन दिवस सर्दी, म्हणजे उजळणी. एकूण अकरा शब्द. पुरेत.

१० जानेवारी
पत्र टाकलं. अकराही बसवले. माझी घटका भरत आली, सावल्या उंबऱ्याशी थांबल्यात, एकदा तुझा चेहरा दिसावा. अर्थ इतकाच की जेवायलाच ये. सून म्हणाली, आई, फोन करा ना सरळ. बँकेत नोकरी करून शैली कळत नाही.

१४ जानेवारी
परिणाम अपेक्षेबाहेर. मैत्रिणीने पत्रातला मजकूर आमच्या वर्गातल्या सगळ्यांना कळवला. धाकटी नणंद त्याच वर्गातली, तिचा फोन. आवाज कापरा. बराच वेळ तब्येत विचारली, मग म्हणाली, वहिनी, शिलाई मशीनचं काही ठरवलंय का? चांगल्या भाषेने माणूस असा मोकळा होतो.

१६ जानेवारी
ती आली. लग्न टाकून, बॅगेसकट. मी दार उघडलं तर म्हणाली, अगं, तू कशाला उठलीस. मराठीतच. मी इंग्रजी वाक्य काढलं, तर म्हणे बोलू नकोस, दम लागेल. पत्र तिला निम्मं कळलंच नव्हतं. तिच्या डॉक्टर जावयाने वाचलं आणि सांगितलं, लगेच निघा.
खरं सांगणार होते. पण ती उशाशी बसून संत्रं सोलायला लागली, शिरा काढून. मी आडवी झाले.
उद्या नणंद आणि जाऊबाई येतायत. तेव्हा लिहून ठेवते. मशीन नणंदेला. मोठी कढई जाऊबाईंना, झाकण नाही. डिक्शनरी सुनेला, 'एफ'पर्यंतच उघडलीय. रेडिओ ह्यांना, तो त्यांचाच आहे. मैत्रिणीला इतक्यात काही देऊ नये. घेऊन निघून जाईल.