लसणाच्या अठ्ठावीस बाटल्या

४ सप्टेंबर

अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बाटल्या परत आल्या. सगळ्या रिकाम्या! बारा आठवडे रोज दोन गोळ्या, आणि एकही उरली नाही. सर म्हणाले, नांदेड शहरात असं कुणी गोळ्या घेत नाही, मुखेडकडची माणसं गुणी.

आज सगळ्यांचं रक्त तपासणीला दिलं. माझी पीएचडीची तीन वर्षं कशात गेली ते आता कळेल.

१३ सप्टेंबर

काही नाही. सीआरपी – रक्तातली सूज दाखवणारा आकडा – जूनमध्ये होता तिथेच. रक्तवाहिन्यांचा ताठरपणाही तेवढाच. लसूण मद्यार्कात वीस महिने मुरवला की त्याचा उग्रपणा जातो आणि जे उरतं ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची सूज उतरवतं – पुस्तकात असं. माझ्या गोळ्या त्याच्याच, आणि कागदावर शून्य!

सर म्हणाले, "लसणात दोष नाही विशाखा, कामात आहे." काम माझं. लेख छापून आला असता तर पहिलं नाव त्यांचं.

प्रबंध ३१ ऑक्टोबरला द्यायचा. मुदतवाढ दोनदा झाली, तिसरी मिळत नाही.

१५ सप्टेंबर

आईनं डाळीला लसणाची फोडणी दिली. ताटावरून उठले.

१८ सप्टेंबर

गावात जाऊन आले. मुखेडपर्यंत एसटी, पुढे जीप. गेले होते शेवटचे कागद सह्यांना घेऊन. साखराबाईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. सगळ्या बायकांना माझ्याकडे आणलं ते हिनंच. गळ्यात तुळशीची माळ, शब्दाला पक्की.

वरण-भाकरी, शेंगदाण्याची चटणी. चटणी सपक लागली. मी सहज म्हणाले, लसूण विसरलात का.

"चातुर्मास हाय की माय. कांदा-लसूण शिवत न्हाई आम्ही."

विचारलं, मग गोळ्या?

"त्या एकादशीपासूनच बंद केल्या. लसणाच्याच न्हवं का त्या?"

एकटीनं नाही. अठ्ठावीसपैकी एकोणीस माळकरी, एकोणीसच्या एकोणीस जणांनी! जूनमध्ये सुरू केल्या, आषाढीला थांबल्या. दर पंधरवड्याला मी जायचे, "घेता ना?" विचारायचे, आणि सगळे माना डोलवायचे. मी म्हणाले, अहो, मला एका शब्दानं सांगायचं तरी.

"कसं सांगावं? तू एवढ्या लांबून यायलीस, लेकरा. तुझं मन मोडलं असतं."

मन मोडू नये म्हणून तीन वर्षं मोडली. औषध फेकायचं पाप नको म्हणून गोळ्या "खाणाऱ्याला" दिल्या म्हणे. माझ्या डोक्यात एकच – अठ्ठावीस वजा एकोणीस.

ओसरीवर तिचा नवरा शेषेराव बसला होता. तो माळकरी नाही. हृदयात स्प्रिंग बसवलेली, रक्त पातळ करायची गोळी चालू, म्हणून मी त्याला यादीत घेतलं नव्हतं. तेव्हा रागावला होता. तो राग गेला असावा, आज माझ्याशी हसून बोलला.

१९ सप्टेंबर

जीपमध्ये रडले, तेव्हा राग त्यांचा होता. आज माझा येतोय. आमच्या घरी त्याच दिवसांत वर्षावास असतो. आई विहारात ग्रंथवाचनाला जाते आणि लसूण रोज खाते. चातुर्मास हा शब्द मला माहीत, पण तो गोळीलाही लागू होईल हे सुचलं नाही. आणि सर? गेल्या वर्षी जुलैत त्यांच्या घरी जेवले होते. काकू म्हणाल्या, आमच्याकडे चार महिने कांदा-लसूण नाही हं. आम्ही दोघांनी ते जेवण जेवून जून ते सप्टेंबर अशा बारा आठवड्यांच्या तक्त्यावर सह्या केल्या. दोन शहाणे!

२१ सप्टेंबर

उरलेले नऊ वेगळे काढले. ज्यांनी खरंच गोळ्या घेतल्या ते. सात जणांची सूज उतरलीय! तीनदा तपासलं. नऊ माणसांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं.

सरांना सगळं सांगितलं. ते खूश. म्हणाले, माळ-बिळ प्रबंधात आणू नकोस. तक्ता आपणच ठरवला होता, हसं होईल. एकोणीस जण ऊसतोडीला गेले असं लिही. तिकडचे जातातच, कुणी विचारणार नाही.

साठीच्या म्हाताऱ्या! भर जुलैत! ऊसतोडीला!

२४ सप्टेंबर

लिहिलं. "एकोणीस सहभागी हंगामी स्थलांतरामुळे वगळले." अर्धा तास लागला. वाक्य चांगलं जमलंय. स्वतःची किळस येते.

२६ सप्टेंबर

सरांनी सही केली. सोमवारी प्रबंध बांधायला द्यायचा. आईनं पेढे आणले.

२७ सप्टेंबर

शेषेरावला नांदेडला आणलंय. मेंदूत रक्तस्राव. शुद्ध नाही. साखराबाईनं मलाच फोन केला, शहरात ओळखीची मीच.

डॉक्टर विचारत होते, रक्त पातळ करायच्या गोळीशिवाय आणखी काय घेत होते. साखराबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "काय न्हाई साहेब. घरातलंच खाणं."

तिच्या पिशवीत माझ्या गोळ्या होत्या. एकोणीस घरांच्या, त्याच्यासाठी गोळा केलेल्या. मूठभर घ्यायचा रोज, तिनं मघाशी दवाखान्याच्या दारात मला हळूच सांगितलं होतं. आणि म्हणाली होती, तू काही बोलू नको, तुझी परीक्षा हाय.

पिशवी मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, यानंच झालं असं सांगता येणार नाही, पण लसणानंही रक्त पातळ होतं, या दोन गोष्टी एकत्र द्यायच्याच नव्हत्या. कुणी दिल्या?

मी म्हणाले, मी. आणि माझं नाव लिहून दिलं.