बर्फावर गाय नाही

८ जानेवारी, मंगळवार
आजपासून गावातल्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला जायला लागलो. शिकायला नव्हे. नातीचं, सिग्नेचं, जूनमध्ये लग्न. मुलगा आयरिश, डोनल नावाचा. ती पुढे तिकडेच राहणार. घरात एकाला तरी चांगलं इंग्रजी यायला हवं, आणि मला ते येतंच. इथल्या डॅनिश बेकनच्या कारखान्यात उभा जन्म गेला, सगळा माल इंग्लंडला जायचा, पेट्यांवरचं इंग्रजी रोज डोळ्यांखालून जायचं. फक्त जरा घासूनपुसून घ्यायचं आहे. बोडिल म्हणाली, पेट्या उलटून बोलत नव्हत्या, एगॉन. बायकोने असं बोलू नये.

२२ जानेवारी, मंगळवार
शिकवणारी ग्वेन, मूळची वेल्सची, आमच्या गुरांच्या डॉक्टरची बायको. स्वभाव चांगला, पण शंकांची उत्तरं देताना फार वेळ लावते. आज केल्डने (पोस्टमन होता, हल्ली निवृत्त) विचारलं, 'मी पाहिलं' आणि 'मी पाहिलं आहे' यांत इंग्रजीत फरक काय. तिचे कष्ट वाचावेत म्हणून मीच सांगून टाकलं. ग्वेन म्हणाली, बरोबर उलटं आहे. वर्ग जागा आहे का ते बघत होतो, असं मी सांगितलं. केल्ड उगाच खोकला.

३ फेब्रुवारी, रविवार
सिग्नेचा फोन. जेवणात कोण कुठे बसणार ते ठरलं. माझ्या शेजारी डोनलची आजी, ब्रिडीबाई. आमच्याकडे ज्या बाईशेजारी बसवलं तिला हात धरून टेबलापाशी न्यायचं आणि जेवण संपेपर्यंत बोलतं ठेवायचं, हे पुरुषाचं काम. जेवण म्हणजे दुपारपासून अंधार पडेपर्यंत, आणि आमच्याकडे जूनमध्ये अंधार पडायची घाई नसते. सिग्ने म्हणाली, आजोबा, तू घाबरू नकोस, ब्रिडीआजी खूप बोलकी आहे. म्हटलं, मग तर जोडी जमली.
फोन ठेवल्यावर मनाशी ठरवलं. बाकी गप्पा कशाच्याही होतील. पण एक वाक्य त्या बाईला सांगायचंच आहे: आमच्या पोरीला सांभाळा. तिथे तिचं आपलं म्हणावं असं कोणी नाही.

१९ फेब्रुवारी, मंगळवार
ग्वेनला विचारलं, 'सांभाळा'ला इंग्रजीत नेमका शब्द कोणता. तिने तीन सांगितले. म्हटलं, यांतला उत्तम कोणता? म्हणाली, कोणताही चालेल, एगॉन, तुमच्या चेहऱ्यावरूनच कळेल त्यांना. ही काय शिक्षिकेची रीत झाली? चेहऱ्यावरून कळत असतं तर मी मंगळवार कशाला घालवले असते. तिन्ही शब्द घोकतो आहे. ऐन वेळी उत्तम तो बाहेर येईल.

१२ मार्च, मंगळवार
आता काळाचा प्रश्न. 'सांभाळाल', 'सांभाळणार आहात', 'सांभाळत असाल', 'सांभाळलेलं असेल'. शेवटचा सर्वांत अवघड, म्हणून तोच घ्यायचं ठरवलं. नातीच्या लग्नात स्वस्तातला काळ वापरणं बरं दिसत नाही. बटाटे सोलताना बोडिलला म्हणून दाखवला. तिने विचारलं, म्हणजे तोवर पोरगी म्हातारी होणार का?

९ एप्रिल, मंगळवार
आज म्हणी आणि वाक्प्रचार. इंग्रजांचे काही खास नाहीत. मी आपल्या डॅनिशमधला एक इंग्रजीत करून दिला: बर्फावर गाय नाही. काळजीचं काही कारण नाही, सगळं ठीक आहे, हे इतक्या थोडक्यात कुठली भाषा सांगते? ग्वेन म्हणाली, छान आहे, पण इंग्रजीत असं कोणी म्हणत नाही, लग्नात नका वापरू. केल्ड म्हणाला, वापर, वापर, आयरिश लोकांना गाई आवडतात. केल्डला कधी कधी समजतं.

२८ मे, मंगळवार
मागच्या आठवड्यात वर्ग संपला. आज ग्वेन दुकानात भेटली. म्हणाली, एक छोटं वाक्य पाठ करा, आणि समजलं नाही तर बेधडक पुन्हा विचारा. छोटं वाक्य माझ्याकडे कधीच नव्हतं. बोडिल म्हणाली, हात दाखवून अवलक्षण करू नकोस, पोरीला डॅनिशमध्ये आशीर्वाद दे आणि गप्प जेव. तयारी पूर्ण आहे. झोप येत नाही, पण ते उकाड्यामुळे.

२ जून, रविवार
लग्न झालं. माझं इंग्रजी फारच चाललं.
सविस्तर लिहून ठेवतो. ब्रिडीबाई ठेंगण्या, हिरव्या टोपीतल्या, शेतकऱ्याच्या विधवा. सूप येण्याआधी बोलायला लागल्या, त्या थांबल्या नाहीत. मी योग्य जागी मान हलवत होतो. एकदा त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मी तोंड उघडलं, तोच सगळ्या हॉलने काट्याचमच्यांनी ताटल्या बडवायला सुरुवात केली. तसं केलं की नवराबायकोने खुर्चीवर चढून मुका घ्यायचा असतो. ते उतरेपर्यंत बाई पुढच्या गोष्टीवर. मांस आणि सॉस आलं तेव्हा पुन्हा संधी होती, पण लोकांनी पाय आपटले, मग नवराबायको मुक्यासाठी टेबलाखाली. तिसऱ्या वेळी बोडिलच्या बहिणीने रचलेलं गाणं सगळ्यांनी उभं राहून म्हटलं. सगळी कडवी.
केक आला तेव्हा ब्रिडीबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सावकाश विचारलं, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना? आता तीन शब्दांतला एकही आठवेना. काळ तर चारही गेले. तोंडातून निघालं, बर्फावर गाय नाही.
बाईंनी चमचा खाली ठेवला. मग हळू आवाजात त्या एकेक विचारत गेल्या. सगळं काही कळत नव्हतं, पण शेजारच्या बाईला मध्येच अडवणं आमच्यात बसत नाही. प्रत्येक वेळी 'यस' म्हटलं. शेवटी त्यांचे डोळे भरून आले. माझ्या बोलण्याने आजवर कोणाचे डोळे भरून आले नव्हते.
थोड्या वेळाने त्यांच्याकडचे पुरुष एकेक करून आले. प्रत्येकाने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि तुम्हाला फार त्रास झाला, असं काहीसं खालच्या आवाजात म्हटलं. एवढा अभ्यास कोणाच्या तरी लक्षात आला म्हणायचा.
'सांभाळा' मात्र राहिलं. त्या निघताना मोटारीच्या खिडकीशी गेलो. सांगितलं, पण ते डॅनिशमध्येच आलं. ब्रिडीबाईंनी माझा गाल थोपटला.

५ जून, बुधवार
सिग्नेचा फोन. हसत होती, मग रडली, मग पुन्हा हसली. ते हात मिळवणं म्हणजे दुखवट्याची रीत. ब्रिडीबाईंनी मला विचारलं होतं, गाय बर्फातून खाली गेली का? मी यस म्हटलं. गाभण होती का? यस. एकच होती का? यस. तिच्याबरोबर तुमचं कोणी माणूस गेलं का? इथेही यस म्हटलं, पण तेवढ्यात बोडिल केकचा आणखी एक तुकडा घेऊन आल्यामुळे तो मुद्दा त्यांनी सोडला.
बोडिल म्हणाली, आयुष्यभर डुकरं पाहिलीस आणि बुडवलीस गाय.
मी म्हटलं, व्याकरण बरोबर होतं.

१८ ऑगस्ट, रविवार
सिग्ने फोनवर बराच वेळ बोलली. पहिले काही आठवडे तिला तिथे करमत नव्हतं. रोज सकाळी डोनल कामावर गेला की खिडकीशी बसून राहायची. आम्हाला सांगितलं नव्हतं. आता ब्रिडीबाई रोज येतात, फडक्यात गरम पाव आणि घरचं लोणी घेऊन. म्हणतात, पोरी, तुझ्या माहेरावर एवढा प्रसंग आलेला, तू एकटी बसायचं नाहीस. मग दुपारपर्यंत उठत नाहीत. सिग्ने म्हणाली, आजोबा, तिच्या बडबडीची सवयच झाली, एखादे दिवशी उशीर झाला तर मी दारात जाऊन उभी राहते.
मग म्हणाली, मला लाज वाटते, आजोबा. खरं काय ते सांगून टाकू का?
मी विचार केला. तीन शब्द, चार काळ, एवढे मंगळवार.
म्हटलं, राहू दे. गाय बुडालेलीच बरी.

३ सप्टेंबर, मंगळवार
वर्ग पुन्हा सुरू. ग्वेनने केल्डला पुढच्या वर्गात घातलं. मला पहिल्याच वर्गात ठेवलं. नवख्यांना धीर द्यायला कोणीतरी जाणता मागे राहावा लागतोच. लग्नात कोणतं वाक्य वापरलंत, असं तिने विचारलं. म्हटलं, मुख्यतः यस.
घरी आलो तर बोडिलने निरोप दिला. नाताळात सिग्ने आणि डोनल येणार. ब्रिडीबाईही येणार, गाय गेली ती जागा डोळ्यांनी बघायला. विमानाचं तिकीट काढलंय.
बोडिल म्हणाली, इंग्रजी राहू दे, एगॉन, आधी गोठा बांध.
उद्या सकाळी केल्डच्या भावाकडे जाऊन यायचं. त्याच्याकडे गाई आहेत, आणि घरामागे तळंही आहे.