साफ नसलेला रिपोर्ट

वनिताची माय,

चाळीस वर्षांच्या संसारात तुले कधी चिठ्ठी लिहिली नाही. आज लिहून राहिलो, कारण काल आपल्या वनितानं तुझं नाव काढलं.

तिच्या छातीत गाठ निघाली आहे. तुझ्यासारखीच, लहान. छाती ठेवून नुसती गाठ काढता येते म्हणतात. मी तिच्या सासरी आंधळगावले गेलो तं पोरगी म्हणते कशी, "बाबा, आईचंही ऑपरेशन झालं, रिपोर्ट साफ आला. तरी गेलीच ना? मंग मी कायले कापून घेऊ?"

तिले खरं माहीत नाही. तुझा रिपोर्ट साफ नव्हता.

नागपूरले तो आणायले मी एकटाच गेलो होतो. डॉक्टरांनी समजावलं, गाठ निघाली, पण काढलेल्या मांसाच्या अगदी कडेपर्यंत रोग दिसते, म्हणजे आत थोडा राहिला असंल. अजून थोडं काढावं लागंल. मी मान हलवली अन् बसमध्ये बसलो. घरी आलो तं तू दारातच उभी. "काय निघालं?" "साफ," मी म्हटलं. तू देवापुढं साखर ठेवली, चिमूटभर माझ्या हातावर दिली. मी ती खाल्लीही.

धानाची रोवणी उरकली का तुले सांगू, असं मनात होतं. मंग तूच विचारलं, "मशीनच्या किरणांचा शेक द्यावा लागंल म्हणत होते ना?" मी म्हटलं, "साफ आहे तं शेक कायले?" दवाखान्याचे फोन यायचे, ते उचललेच नाही.

काहून केलं मी असं? तू तं भित्री नव्हती. धानाच्या पऱ्ह्यातल्या रोपांवर करपा दिसला का भोवतालचे वीतभर चांगले पऱ्हेही उपटून फेकायची. मी कुरकुरलो का म्हणायची, "जीव नका अडकवू, कडेचंच पुढं पसरते." तुले सांगितलं असतं तं दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून तयार राहिली असती. भित्रा मी होतो. तुले पुन्हा त्या टेबलावर पाहायची हिंमत नव्हती, अन् त्याले मी माया म्हणत राहिलो.

शेवटी तूच मले समजावत होती, "नशिबात होतं, तुम्ही काय कराल?" तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. माझ्यावर रागवायचा तुझा हक्क होता, तोही मी मारला.

उद्या सकाळच्या गाडीनं इतके दिवस लपवलेला तो रिपोर्ट घेऊन आंधळगावले जातो. तिच्या हातात देतो, सगळं कबूल करतो. त्यानंतर तिनं मले दारात उभं केलं नाही तरी चालंल. तिनं दवाखान्यात जावं.

वनिताचा बाप
दिघोरी