बाबांचं एकच मशीन

ताई,

काल तुझी लेक माझ्या दुकानात शिवणाला लागली. तिने बाही अशी बसवली की तुझाच हात आठवला. गल्ल्यावरून माझे चिरंजीव तिला सांगत होते, "आम्ही शून्यातून उभं केलंय हे. राबलीस तर तूही करशील."

ती हसली. "दादा, तू कधी सुई तरी ओवलीस का?"

चिरंजीवांचं ते 'शून्यातून'वालं वाक्य माझंच होतं, प्रत्येक सत्कारात टाळ्या घेणारं.

बाबांचं शिलाई मशीन एकच होतं. तुझं शिवण माझ्यापेक्षा सरस, हे गिऱ्हाइकंही बोलायची. "तिला काय, नवऱ्याचं घर आहे," म्हणत बाबांनी ते मला दिलं आणि मी गप्प राहिलो. त्यावर माझी तीन दुकानं झाली. तू अजून दुसऱ्यांकडे काजं-बटणं करतेस.

गेल्या आठवड्यात तिन्ही दुकानं मी मुलाच्या नावावर केली. सही करताना तू आठवलीस, तरी केली. निदान ते मशीन तुझ्या लेकीला द्यावं म्हटलं, तर तो म्हणाला, "छे पप्पा, शोकेसमध्ये ठेवू. आपल्या कष्टाची निशाणी आहे."

मी होकारार्थी मान डोलावली.

आता ते काचेआड आहे. हे पत्र त्याच्याच खणात ठेवतोय. तिथे कुणी हात घालत नाही.

तुझा धाकटा