अंगठ्याला बांधलेली दोरी

प्रफुल्ल,

रजा संपली, मी शाळेत निघालेय. तू शिफ्टवरून येईपर्यंत यशू आईंकडे आहे. पोळीभाजी झाकून ठेवलीय, आधी खाऊन घे.

दहाच्या सुमारास ती डोळे चोळायला लागेल. तेव्हा जागी असतानाच तिला पाळण्यात उताणी ठेव. पाळणा हलवायचा नाही. रडली तर लगेच उचलू नकोस, छातीवर हात ठेवून हळू आवाजात बोलत राहा. आई म्हणतील, लेकराला रडवता कशाला. तेव्हा सगळं माझ्यावर ढकलून दे.

तीन महिने तू पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपतोयस. झोपेत तुझा पाय थांबला की पोरगी जागी होते आणि तिच्यामागोमाग तू. झोप दोघांचीही होत नाही.

गाडीचा आरसा खड्ड्यामुळे फुटला, असं तू मला सांगितलंस. काल तुझ्या शिफ्टवरचे धम्मपालभाऊजी भेटले. सिन्नर फाट्यावर गाडी चालवताना तुला डुलकी लागली होती, हे मला त्यांच्याकडून कळावं? यावर संध्याकाळी बोलू, आईंसमोर नको.

आजपासून यशू आपली आपण झोपायला शिकणार. चार दिवस रडेल. ते तुला ऐकवत नाही, मलाही ऐकवत नाही. पण तिचा बाप रोज धड घरी यायला हवा.

दोरी शोधत बसू नकोस. ती पाळण्यावरून सोडून मी पर्समध्ये घेऊन चाललेय.

संजना