कारखान्याला गेली

२४ मार्च
आले बाई एकदाची! बीडहून एसटीनं गेवराई, तिथून रिक्षानं इथवर. हाडं खिळखिळी झाली, पण माणसं झकास आहेत. सरकारी बालगृहाची अधीक्षक म्हणून पहिलीच नेमणूक. आईला फोन करून मिरवून घेतलं. रोज सकाळी हजेरीच्या वेळी ती ऑफिसच्या फोनवर फोन करणार आहे. स्वयंपाकीण साखराबाईंनी गरम भाकरी आणि ठेचा वाढला, लिपिक सुग्रीवभाऊंनी खोली झाडून ठेवली होती. पोरं गुळाला मुंगळे चिकटावेत तशी चिकटली.

२५ मार्च
अंगणात हजेरी घेतली. दिपालीचं नाव घेताच पोरं एका सुरात म्हणाली, "कारखान्याला गेली." मी मान हलवून पुढं गेले. साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गेलेले आईबाप मधेच येऊन लेकरं घेऊन जातात, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. आणखी काही नावांना तेच उत्तर आलं.

२ एप्रिल
पाडवा झाला. कारखाने बंद झाले, ऊसतोडीची माणसं घरोघरी परतली. हजेरीचं उत्तर मात्र तेच. सुग्रीवभाऊ म्हणाले, नव्या आहात, कळेल हळूहळू. रागच आला मला.

५ एप्रिल
दिपालीची आई भिवराबाई आली, लेकीला नवा फ्रॉक घेऊन. मी म्हटलं, ती तर तुमच्यासोबत गेलीय. बाई म्हणाली, "आमी तिथूनच आलो की, मॅडम. ती तुमच्यापाशी हाय म्हणून तर बिनघोर गेलतो."
आणि मी मान हलवली होती! जिल्ह्याच्या साहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, कारखान्याला गेलीय. कोणत्या, विचारलं तर फोन ठेवून दिला.

७ एप्रिल
पोलिसांतही तेच उत्तर. भिवराबाई फाटकाशी बसून आहे, फ्रॉक मांडीवर. सगळ्यात धाकट्या पोरीला जवळ घेऊन विचारलं. ती कानात म्हणाली, "पयल्या मॅडमबी कारखान्याला गेल्या. त्याबी लई इचारायच्या."
भीती वाटते. तरी उद्या बीडला कोर्टात जाणार.

८ एप्रिल
फाटकाशी भिवराबाई नाही. फ्रॉक धुळीत पडलाय. साखराबाईंना विचारलं — भाकरी थापता थापता म्हणाल्या, कारखान्याला गेली. कोर्टात जायला एकही रिक्षा थांबेना —

९ एप्रिल
दाराला बाहेरून कडी. माझा फोन कुणी नेला? अंगणात सुग्रीवभाऊ हजेरी घेतायत. खिडकीतून ओरडतेय — पोरं वर बघत नाहीत —

ओसरीवरचा ऑफिसचा फोन वाजतोय. आईच. याच वेळी करते ती. आई, ठेवू नकोस —

सुग्रीवभाऊनं उचलला. माझं नाव मोठ्यानं उच्चारलं, पोरांकडं वळला — आणि पोरं एका सुरात —