मनगटावरचं फुलपाखरू

माजारोवो, १४ जून

प्रिय आई,

माझी काळजी करू नकोस. जेवते, झोपते. बाबांचा गुडघा कसा आहे? चेरी उतरवायला त्यांना शिडीवर चढू देऊ नकोस.

काल कामेनचे पक्षी बघायला जाणारे मित्र मला नदीकाठी घेऊन गेले. आमचा संसार अर्ध्यावर टाकून तो वारला, तेव्हापासून चार महिने मी दुकानापलीकडे कुठे गेलेच नव्हते, हे तुला कळवलं नव्हतं.

कड्यावरून गिधाडं उडाली. सगळे दुर्बिणी घेऊन धावले. मीही पाहिली, पण काहीच वाटलं नाही. उन्हात एका दगडावर बसून राहिले.

तेवढ्यात त्यांच्यातले मेतोदीकाका हळूच म्हणाले, "हलू नकोस, पोरी. मनगटावर बघ."

एक निळं फुलपाखरू माझा घाम पीत होतं.

"मग मी काय करू?"

"काही नाही. नुसती बस."

आई, सगळे मला ऊठ, बोल, रडून घे म्हणतात. मला जमेल असं काम पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं. मी बसले. ते बराच वेळ पीत राहिलं. उडालं तेव्हा मनगटाला तेवढ्याच जागी किंचित गार लागलं. ते मला जाणवलं, एवढंच तुला सांगायचं होतं.

दोघांना नमस्कार.

तुझी,
दोब्रिन्का